सात माणसांचा कोळसा

“किती माणसं?” कोळसेवाल्याने विचारलं, आणि तिची दातखीळच बसली.

खरं तर ती कोळसा घ्यायला आलीच नव्हती. भाजी घेऊन घरी चालली होती, मध्येच भुरभुर सुरू झाली म्हणून वखारीच्या पत्र्याखाली आडोशाला उभी राहिली, आणि नुसतंच उभं राहणं बरं दिसेना म्हणून म्हणाली — कोळसा हवा होता... जाळीच्या शेगडीसाठी. शेगडी होती, हे मात्र खोटं नव्हतं. आधीचा भाडेकरू ती गच्चीवर टाकून गेला होता.

प्रश्नही तसा साधाच होता. पण शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यापासून तिने कुणाशी चकार शब्द काढला नव्हता, आणि आज बोलायला तोंड उघडावं तर पहिलाच प्रश्न हा. ह्या शहरात येऊन तिला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत तिच्या दाराची घंटा दोनदा वाजली होती, आणि दोन्ही वेळा माणूस मजला चुकून आला होता.

तिला गप्प बघून त्याला वाटलं, प्रश्न कळला नसावा. मग तो तिला दोन ढिगांपाशी घेऊन गेला.

“हा अख्खा कोळसा. लाकूड जसं होतं, तसंच जळलेलं. चटकन पेटतो, मोठा ताव देतो, तडतडतो आणि पाऊण तासात आटोपतो. एकट्यादुकट्याला हाच बरा. आणि ह्या वड्या. भुकटी साच्यात घालून दाबलेली. शिकलेली माणसं ब्रिकेट म्हणतात. पेटायला रडवतात, राखही जास्त करतात, पण एकदा धरल्या की अडीच तास हलत नाहीत. घरात माणसं भरपूर असतील तर डोळे मिटून ह्याच घ्या. म्हणून विचारलं... किती माणसं?”

‘एकट्यादुकट्याला’ हा शब्द तिला चांगलाच लागला.

“सात,” ती म्हणाली.

सातच का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सहा म्हटलं असतं तर मोजून ठेवल्यासारखं वाटलं असतं, आठ म्हणजे फुशारकी. सात कसे अगदी खरे वाटतात. कोळसेवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या कणसाकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, मग वड्याच. दहा किलोचं पोतं त्याने बांधून दिलं. वर एक नियमही सांगितला. इथे राख परत आणून द्यायची पद्धत आहे, दर शनिवारी; त्यासाठी प्रत्येक पोत्यासोबत एक रिकामं पोतं मिळतं. एक माळी घेऊन जातो.

हे सांगताना तो किंचित हसला, आणि तिने पहिल्यांदा त्याचे दात पाहिले. तिचा नाइलाज होता. ती कवळ्या बनवायची, दिवसभर मेणात आणि प्लास्टरमध्ये बुडालेली असायची, आणि माणूस दिसला की आधी त्याच्या तोंडात डोकवायची. त्याचा वरचा एक दात शेजारच्या दातावर रेलून उभा होता, गप्पा मारायला थांबल्यासारखा. असा दात कामाच्या टेबलावर समोर आला असता, तरी तिने तो सरळ केला नसता, हे तिला तिथेच कळलं.

रविवारी दुपारी तिने शेगडी पेटवली. शेगडीचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली तिने एका फसलेल्या जबड्याचा साचा सरकवला. वड्यांनी खरंच रडवलं. फुंकर मार, पुठ्ठ्याने वारा घाल, डोळे पूस, असं पाऊण तास चाललं, तेव्हा कुठे त्या धरल्या. मग तिने एक कणीस, एक सिमला मिरची आणि अर्धा कांदा भाजला, गच्चीच्या कठड्याला टेकून खाल्ला, आणि बारा मिनिटांत जेवण संपलं.

वड्या मात्र आता कुठे रंगात आल्या होत्या. लालबुंद, एकसारख्या, सात माणसांची वाट बघत. त्यांना तसंच सोडून उठणं तिच्याच्याने होईना. ती शेगडीपुढे बसून राहिली. शेजारच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, खालून मुलांच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर धग येत होती. एवढी ऊब आणि ती घ्यायला एकच माणूस, ह्या विचाराने तिला रडू आलं. शेवटी तिने शेगडीवर झाकण ठेवलं. हवा तुटली आणि वड्या अर्ध्याच विझल्या.

शनिवारी ती राख घेऊन वखारीत हजर. त्याने पोतं उघडलं, काठीने जरा ढवळलं, आणि मंडळींना जेवण आवडलं का, असं विचारलं. आता आली का पंचाईत! सात जण नुसते म्हणून चालणार नव्हतं, त्यांना नाकडोळे हवे होते. तिने उभ्याउभ्या एक दादा-वहिनी उभे केले, त्यांची दोन मुलं, एक मामा, आणि एक आत्या, जिला कांदा अजिबात चालत नाही. सातवी ती स्वतः. सांगता सांगता तिला त्या आत्याचा खराखुरा राग आला.

मग दर शनिवारी हेच सुरू झालं. सात माणसांच्या घरात आठवड्याला पोतं संपायलाच हवं, म्हणून ती दर वेळी नवीन पोतं घ्यायची. घरी पलंगाखाली पोत्यांवर पोती साचली. कामाच्या जागी तिच्या बाजूच्या टेबलावरचे दोघे कानात गाणी घालून बसत, आणि मोठे सर फक्त आकड्यांत बोलत. आठवडाभरात तिच्याशी माणसासारखं बोलणारा एकच होता, आणि त्याच्याशी ती घडाघडा खोटं बोलत होती.

तो सगळं लक्षात ठेवायचा, हीच मोठी अडचण होती.

“आत्याबाई काय म्हणतात?” एकदा त्याने विचारलं.

“रुसल्यात. मामांनी त्यांच्या ताटात कांदा टाकला.”

“मुद्दाम?”

“मामांचं काही सांगता येत नाही...”

“मला आवडले मामा.” त्याने नळाखाली हात धुतले. काळं पाणी वाहून गेलं, मग राखाडी, मग स्वच्छ. इतर गिऱ्हाइकांसाठी तो हात धुत नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. “आणि तुम्ही माझ्याशी बोलताना कायम माझ्या तोंडात का बघता?”

“सवय आहे. कामाची.”

“मग? काही बिघाड?”

“एक दात वाकडा आहे,” ती म्हणाली, आणि कान तापल्यासारखे वाटले. “राहू द्या तसाच.”

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. वखारीत येणाऱ्या प्रत्येक बाईला तो काही ना काही म्हणायचा. कुणी ताई, कुणी मावशी. भरल्या घरातल्या तिच्यासारख्या बाईला तर वहिनीच म्हणायला हवं. पण तिला तो नुसतं ‘तुम्ही’ म्हणायचा, आणि पुढची जागा रिकामी सोडायचा. त्या रिकाम्या जागेचा ती आठवडाभर विचार करायची. पण करून उपयोग काय? तिने स्वतःच तर आपल्याभोवती सहा माणसं उभी केली होती, आणि आता त्यांच्यामधून वाट काढून तिच्यापर्यंत कोण येणार होतं?

सगळं बिंग फुटलं ते खानावळवाल्या मावशींमुळे.

त्या शनिवारी तो मागच्या बाजूला गाडी उतरवून घेत होता. मावशी अख्ख्या कोळशाची दोन पोती घ्यायला आल्या होत्या. तिच्या हातातली राख बघून त्यांनी विचारलं, हे काय? तिने नियम सांगितला. मावशी इतक्या हसल्या की त्यांना पोत्यावर बसावं लागलं. त्याच्या बापाच्या वेळेपासून वीस वर्षं त्या इथूनच कोळसा नेत होत्या. राख कुणी कधी मागितली नव्हती. माळीबिळी कुणी येत नव्हता. “राखेचं करणार काय तो,” मावशी म्हणाल्या, “भांडी घासणार?”

ती सरळ शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेली. भिंतीला टेकून तिची पोती एका ओळीत उभी होती. नऊच्या नऊ. प्रत्येकाच्या वर भिंतीवर खडूने तारीख. सगळ्यांत अलीकडच्या पोत्याचं तोंड उघडं होतं, आणि त्यातल्या अर्धवट जळलेल्या वड्या वेचून बाजूला काढलेल्या होत्या.

त्याने राख चाळली होती. सात माणसांच्या जेवणात इतक्या वड्या अर्ध्या राहत नाहीत, हे कोळसेवाल्याला नाही तर कुणाला कळणार? म्हणजे पहिल्या आठवड्यापासून त्याला ठाऊक होतं. आत्याबाई कशा आहेत, मामा काय म्हणतात, सगळी गंमत. तिने हातातलं पोतं तिथेच टाकलं आणि निघून आली.

पुढच्या शनिवारी ती गेली नाही. शेगडी पेटवली नाही. भाजी दुसऱ्या रस्त्याने आणली. सोमवारी तिने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची कवळी बनवली आणि पुढचा एक दात नकळत शेजारच्यावर रेलवून बसवला. मोठ्या सरांनी ती परत पाठवली. चूक कुठे झाली, असं त्यांनी आकडे सोडून पहिल्यांदाच विचारलं.

लाज तर वाटत होतीच. पण लाजेपेक्षा मोठं होतं ते घरातलं सुनंसुनंपण. आत्या गेल्या, मामा गेले, दादा-वहिनी मुलांना घेऊन गेले. खोटी का होईना, माणसं होती. आता तर तीही नव्हती, आणि शनिवारही नव्हता. पलंगावर पडलं की खालच्या पोत्यांचा वास यायचा, आणि त्या वासाबरोबर नळाखाली धुतलेले दोन हात आठवायचे. तिला त्याची आठवण येत होती. तिने हे एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी ऐकायला नव्हतंच.

त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र ती गेली. वखारीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तो फावडं टेकवून उभा होता, आणि तिला बघताच त्याने ते खाली ठेवलं. मग सवयीने तोंडून निघून गेलं —

“किती माणसं?”

“एक,” ती म्हणाली.

हे म्हणायला तिला बारा आठवडे लागले होते. म्हणून झालं, आणि आकाश काही कोसळलं नाही.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“राखेवरून.”

“राखेच्या आधीपासून. सात माणसांना एक कणीस?” त्याने मान खाली घातली. “तुम्ही खोटं बोललात, म्हणून मीही बोललो. वड्यांचं एक पोतं एकट्या माणसाला चार महिने पुरतं. चार महिने तुम्ही आला नसतात.”

तिने शेडच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“आणि त्या वेचलेल्या वड्या?” तिने विचारलं.

“त्यांच्यावर मी चहा करतो. रोज. तुमच्या अर्ध्या राहिलेल्या...” तो अडखळला. वडील गेल्यापासून तो वखारीच्या मागच्या खोलीत एकटाच राहत होता, हे त्याने मग अगदी सावकाश सांगितलं. संध्याकाळी फाटक लावलं की सकाळपर्यंत बोलायला कुणी नसायचं. आत्याबाईंची तो आठवडाभर वाट बघायचा. “चेष्टा नव्हती केली मी. मला खरंच जाणून घ्यायचं असायचं, पुढे काय झालं ते.”

“मग मला वहिनी का नाही म्हणालात कधी?”

“कसं म्हणणार?” तो म्हणाला. “तोंडातून निघेना.”

आता तो हसला, आणि तो दात दिसला. ती कोळशाच्या ढिगाकडे बघू लागली. आजवर ह्या माणसाला तिने दाद दिली होती ती फक्त दाताबद्दल. आता मात्र तिने सगळा धीर एकवटला.

“उद्या दुपारी,” ती म्हणाली, “दोन माणसं असतील तर?”

त्याला कळायला क्षण लागला. मग तो लगबगीने डाव्या ढिगाकडे वळला, कागदाची छोटी पिशवी घेतली आणि अख्ख्या कोळशाचे चांगले हाताएवढे तुकडे निवडून भरू लागला. दोघांना हा पुष्कळ, तो सांगत होता, लगेच पेटेल, पाऊण तासात सगळं आटोपेल, तुमचा वेळ जाणार नाही...

“नको,” ती म्हणाली. “वड्याच लावू.”

“दोघांसाठी? अडीच तास जळतील त्या.”

“म्हणूनच.”

त्याने पिशवी हळूच खाली ठेवली आणि उजव्या ढिगाकडे वळला. तिने त्याचा काळाकुट्ट हात मनगटाशी धरला.

“वड्या माझ्याकडे आहेत. पलंगाखाली न उघडलेली नऊ पोती आहेत. तुम्ही फक्त या.”

रविवारी दुपारी तिच्या दाराची घंटा वाजली, आणि आलेला माणूस मजला चुकला नव्हता. त्याने दोन कणसं आणली होती आणि एक कांदा, आत्याबाईंना चिडवायला. जेवण बारा मिनिटांत नाही, पण अर्ध्या तासात संपलं. वड्या तेव्हा नुकत्याच रंगात आल्या होत्या. दोघं शेगडीपुढे बसून राहिले, बोलले, गप्प बसले, परत बोलले. शेजारच्या गच्चीवरच्या चादरी वाळल्या, कुणीतरी येऊन काढून नेल्या. निखाऱ्यांवर हळूहळू पांढरी साय धरत गेली, आणि शेवटची वडी आपोआप, आतपर्यंत जळून शांत झाली. त्या दिवशी झाकण लागलंच नाही.