एकटं मूत्रपिंड

"हे उंदीर आजारी कसे पडले?" पिंजऱ्यापाशी वाकत डॉ. शर्वाणी देवस्थळींनी विचारलं. "हे तर वाहक. यांना काही व्हायला नको."

खरं तर या प्रयोगशाळेतले जनुकरोपित उंदीर बाईंच्या घरचेच म्हणायचे. त्यांची लेक मृण्मयी ऐन विशीत मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळली होती. बाईंच्या सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या. त्यांनी आपलं एक मूत्रपिंड दिलं, पोर उठून उभी राहिली आणि बाईंच्या जिवात जीव आला. विकाराचं कारण त्यांनी नंतर हुडकलं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या पेशींचं एक जनुक सदोष होतं. ते आईवडील दोघांकडून आलं तर विकार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक, जन्मभर ठणठणीत. बाई वाहक होत्या. तेच जनुक त्यांनी उंदरांत घातलं होतं.

"विकार लवकर दिसावा म्हणून आपण आजारी, म्हणजे दोन्हीकडून सदोष जनुक आलेल्या उंदरांचं एक मूत्रपिंड काढतो ना," त्यांचे सहकारी डॉ. इरफान बागवान म्हणाले. "या खेपेला तुलनेसाठी वाहकांचंही काढलं. दोन असतात तोवर भार वाटला जातो, मॅडम. जोडीतला एक बैल गेल्यावर दुसऱ्याने किती ओढायचं? उरलेलं झिजत जातं."

बाई चक्क हसल्या.

"म्हणजे माझं उरलेलं जाणार. जाऊ दे. मी काय, पिकलं पान. पोर वाचली, भरून पावले."

इरफाननी मान वर केली नाही. "वाहकांची काढलेली मूत्रपिंडं मी आजारी उंदरांना बसवली होती. मृण्मयीला बसवलं तसंच."

"मग?"

"तिकडेही ते एकटंच पडतं, मॅडम."

बाईंच्या पोटात होती तोवर दोन्ही मूत्रपिंडं धडधाकट होती. त्यांची ताटातूट बाईंनी स्वतः, हौसेने केली होती.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणाले, आता बाळाचा विचार करायला हरकत नाही. आजी होशील तू. ऐकतेयस ना?"

गरोदरपणाचा भार त्या एकट्या मूत्रपिंडाला पेलणारा नव्हता, आणि द्यायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

"थांबशील का गं जरा?"

"का? काय झालं, आई?"

"मी दिलेलं," बाई म्हणाल्या, "मी दिलेलं तुला पुरणार नाही, बाळा."