तक्रार नसलेलं पोट

विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातल्या वजनकाट्याकडे डॉ. ऋजुता पेंडसे पाहतच राहिली. काटा बिघडला असेल म्हणून ती स्वतः त्यावर उभी राहिली. काटा ठीक होता.

"अडतीस?" तिनं आकडा पुन्हा वाचला. "ओवी, अगं, अडतीस किलो?"

"चक्कर आली गं नुसती." पलंगावर बसलेली तिची धाकटी बहीण खुदकन हसली. "तुझा चेहरा बघ ताई, भूत बघितल्यासारखा!"

ओवी सकाळी वर्गात कोसळली होती. पाठोपाठ वसतिगृहातली आणखी मुलं आणली गेली. सगळ्यांची हाडं वर आलेली आणि सगळी मजेत.

शेजारच्या प्रयोगशाळेत मज्जातज्ज्ञ डॉ. इनामदार अहवाल पाहत होते. "सुखाणू अगदी जोमात आहेत," ते म्हणाले.

सुखाणू हे ऋजुतानं घडवलेले जिवाणू. उदास मुलं जेवण टाळत, नाहीतर रात्रभर वेफर्स खात बसत आणि त्यानं आणखीच खचत. हे चक्र तोडायला तिनं, मुलांना सांगूनसवरून, मेसच्या दह्यात सुखाणू सोडले होते. ते आतड्यात मुक्काम करत आणि तिथल्या मज्जातंतूवाटे मेंदूला एकच निरोप धाडत राहत: सगळं ठीक आहे. वर्षभरात उदासीच्या चाचण्या जवळपास कोऱ्या येऊ लागल्या. प्रयोग करणाऱ्यांनी ते दही खायचं नाही, एवढा नियम तिनं पाळला होता.

"पण आनंदी माणसाला भूक लागते हो, सर!"

"भूक म्हणजे तरी काय? पोटानं मेंदूकडे केलेली तक्रार. दुःखही तक्रारच. दोन्ही एकाच वाटेनं जातात, ऋजुता. आपण ती वाटच बंद केली."

तिनं अहवाल स्वतःकडे ओढला. "आणि आम्ही मुलांना फक्त विचारत होतो, कसं वाटतंय म्हणून."

"मुलं खरंच सांगत होती, छान वाटतंय." इनामदारांनी चष्मा काढला. "प्रतिजैविकानं सुखाणू मरतील. पण मुलं सज्ञान आहेत. त्यांची संमती हवी."

ओवीनं गोळी बोटांत फिरवली आणि परत दिली. "मला काही होतच नाहीये, तर कशाला?"

"मरशील, ओवी!"

"बरं." बस चुकेल म्हटल्यावर म्हणावं, इतक्या सहज. "दार लावून दिवस दिवस पडून असायचे मी, आठवतं ना? ती ओवी मला परत नकोय, ताई."

ओवी एकाच माणसाचं ऐके. चिपळूणला राहणाऱ्या आईच्या तोंडून हॅलोच्याही आधी 'जेवलीस का?' निघे, आणि उत्तर 'नाही' आलं तर फोनवरूनच धपाटा बसल्यासारखं वाटे. ऋजुतानं तिला फोन लावला.

"बोल गं राणी!"

"आई, ओवी चक्कर येऊन पडली. जेवतच नाहीये ती. तू सांग तिला गोळी घ्यायला, तुझंच ऐकेल."

"असू दे गं," आई गोड आवाजात म्हणाली. "भूक नसेल तिला."



"आई... तू दही कुठलं खातेस?"

"ओवीनं सुट्टीत डबीतून विरजण आणलं होतं ना, तेच लावते रोज. काय घट्ट होतं म्हणून सांगू! अख्ख्या सोसायटीनं नेलंय माझ्याकडून." आई हसली. "आता इथं कुणाची कसली कटकटच नाही बघ."