जुन्या मानेची झीज

गल्लीतले वादक तिला ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. आधी ती एका प्रयोगशाळेत धातूंची झीज मोजायची, आता गिटार दुरुस्त करायची. तिच्या मते काम तेच होतं, फक्त गिऱ्हाइकं जास्त बोलायची.

त्या सकाळी आलेली बाई मात्र बेताचंच बोलली. काळी पिशवी टेबलावर ठेवून तिनं चेन उघडली. आत इलेक्ट्रिक गिटार होती.

“भावाची आहे,” ती म्हणाली.

मोजपट्टीनं गिटार दिव्याखाली धरली. मानेच्या लाकडी दांडीवरच्या फ्रेटना, म्हणजे ज्यांच्यामागे तार दाबून सूर काढतात त्या धातूच्या बारीक आडव्या पट्ट्यांना, खड्डे पडले होते. तिसऱ्या आणि पाचव्याशी तर लाकूडही चमच्यासारखं खोलगट झालं होतं.

“भरपूर वाजवलीय.”

“वाजवायचा. दुखण्यातून तो उठला, पण डावा हात काही उठला नाही.” बहीण म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, फार आशा धरू नका. हा म्हणतो, हात येईल तेव्हा गिटार तयार हवी, नवी मान बसवून आण. मला वाटतं, ताई, मान जुनीच राहू दे. हाताला ओळखीची लागेल. फ्रेट तेवढे बदला.”

“बघते. फ्रेट उपटताना लाकडानं दम धरला तर जुनी ठेवू. नाहीतर त्याचं ऐकावं लागेल.”

ती गेल्यावर मोजपट्टीनं तारा काढल्या. पाचव्या फ्रेटवर पोलादी पट्टी टेकवली आणि खालच्या खड्ड्यात कागदाच्या घड्या सरकवून पाहिल्या. दोन पदर गेले, तिसरा अडला. काम होण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी हत्यारं काढण्याआधी सवयीनं तिनं पुन्हा मोजलं. तिसरा पदर अलगद आत गेला.

असं झालं की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. तिनं पट्टी काचेवर ठेवून तपासली. पट्टी सरळ होती. कागद त्याच वहीचा होता. मग तिनं स्क्रू काढून मान गिटारपासून वेगळी केली, दोन लाकडी ठोकळ्यांवर पालथी ठेवली, खाली पांढरा कागद अंथरला आणि दुसऱ्या कामाला लागली.

दुपारी कागदावर करडी रेघ होती. पिठीसारखी भुकटी, बरोबर पाचव्या फ्रेटखाली. तिनं लोहचुंबक जवळ नेलं. टेबलावरचा लोखंडी कीस असता तर उडी मारून चिकटला असता. भुकटी जागची हलली नाही. ती फ्रेटच्याच, चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची होती.

तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, हात हलला त्याचा! करंगळी आणि तिच्याजवळचं बोट. सारखं दाबतोय, सोडतोय. सकाळपासून.”

“वा,” मोजपट्टी म्हणाली. कागदावरची नजर काढायला तिला जरा वेळ लागला.

पुढच्या काही दिवसांत हात मनगटापर्यंत आला. कागद ती रोज झटकत होती, आणि रोज तो करडा होत होता. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं तिला मंजूर नव्हतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं होत नाही. तिनं ठरल्याप्रमाणे काम सुरू केलं. पाचव्या फ्रेटवर सोल्डरिंगची तापलेली कावी टेकवली, डिंक सैल होऊ दिला, आणि पक्कडीनं फ्रेट उचलला. तो गुमान निघाला.

फोन वाजला.

“काही नाही हो, घाबरले जरा,” बहीण म्हणाली. “कप सुटला त्याच्या हातून. हात पुन्हा ओंडक्यासारखा पडलाय. असं होतं का मध्येच?”

“एक मिनिट थांबा.” मोजपट्टीनं फोन खांद्यात धरला, फ्रेट पुन्हा खाचेत बसवला आणि हातोडीनं हलकेच ठोकला.

“अगंबाई,” पलीकडून आवाज आला. “आला. आला परत.”

त्या दिवशी तिनं आणखी एकाही फ्रेटला हात लावला नाही. धातू उरला होता थोडका, आणि झीज थांबत नव्हती. नवे फ्रेट घालायलाच हवे होते आणि जुने काढता येत नव्हते. संध्याकाळी तिनं स्वतःहून फोन केला.

“तो दुपारी झोपतो का?”

“झोपतो की. ढाराढूर.”

“झोपला की मला मिस्ड कॉल द्यायचा. उठायच्या बेतात दिसला तरी द्यायचा.”

का, असं बहिणीनं विचारलं नाही. नुसतं “बरं” म्हणाली, आणि ते इतक्या लगेच की मोजपट्टीला ते आवडलं नाही.

रोज दुपारी एक जुना फ्रेट निघायचा आणि त्याच्या खाचेत लगेच नवा बसायचा. असं करत जुन्या मानेचे सगळे फ्रेट नवे झाले. गिटारीवर मात्र तिनं बाजारातली तयार मान चढवली. भावाचा हट्ट होताच, शिवाय जुनी मान इथेच, नजरेसमोर हवी होती.

“जुनी माझ्याकडे राहिली तर चालेल?”

“ठेवा की,” बहीण हसली. “आम्ही तिचं काय करणार, लाटणं?”

दोन महिन्यांनी दोघं आली. भाऊ उंच, हसरा, अंगानं मात्र उतरलेला होता.

“ताई, जादू केलीत तुम्ही.”

“चार स्क्रू पिळले.”

तो दुकानातच बसून वाजवू लागला. फार सुंदर वाजवत होता. ती फडकं आणायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेली. पालथ्या मानेखालच्या कागदावर भुकटी पडत होती. सूर थांबला की थांबायची, सुरू झाला की पडायची. तिला उलट बरं वाटलं. याला काहीतरी नियम होता.

बाहेर येऊन तिनं गिटार हातात घेतली आणि नव्या मानेवरून भिंग फिरवलं. फ्रेट दुकानातून आणल्यासारखे चकाकत होते. एक ओरखडा नव्हता.

“रोज वाजवता?”

“हातातून सोडवतच नाही,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली निळसर झाक होती.

तो पुढे निघाला. बहीण दारात चपला घालत होती. मोजपट्टीनं आवाज साधा ठेवला.

“परत एकदा जुन्या मानेचे फ्रेट बदलावे लागतील. झोपला की मिस्ड कॉल द्या.”

“झोप?” बहीण हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. “हल्ली तो झोपतच नाही, ताई. हात थांबला तर झोपेल ना.”

मोजपट्टी खिडकीशी गेली. भाऊ रस्त्याच्या कडेला बहिणीची वाट पाहत उभा होता. गिटार पिशवीत, पिशवी पाठीवर. डावा हात विजारीच्या खिशात. तो शांतपणे रहदारी बघत होता, आणि खिशाचं कापड आतून हलत होतं, एका लयीत.

तिनं आत जाऊन पट्टी घेतली आणि पाचव्या फ्रेटवर टेकवली. कागदाचे तीनही पदर खाली सरकले. तिनं चौथी घडी घातली. तीही गेली.