बांधायचं राहिलं

ऐका, आणि मध्ये दात काढू नका. आमच्या ओळखीत एक भुलीचे डॉक्टर आहेत, त्यांच्या बाबतीत घडलेलं सांगतो. गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री साडेअकराला ते बायकोसाठी खोकल्याचं औषध आणायला निघाले, तर रस्त्यातच दवाखान्याचा फोन आला.

एक म्हातारबाबा आले होते. जठराला पीळ पडलेला. पोट टम्म फुगलेलं, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, नाकातून नळी घालावी तर ती खाली सरकेना. दिवटे चिरंजीव दोन दिवस गॅस समजून बापाला सोडा पाजत बसले होते. अक्कल वाटत होते तेव्हा हा बहुधा झोपला असावा.

ऑपरेशन करणारे मोठे साहेब तर त्याहून भारी. स्वतःच्या सावलीलाही बाजूला हो म्हणतील असे. त्यांनी पोट उघडलं, पीळ सोडवला. काळं पडलेलं जठर हळूहळू गुलाबी झालं. आता ते आतल्या भिंतीला टाक्यांनी बांधायचं, नाहीतर पुन्हा फिरतं. साहेबांनी मात्र पोट बंद करायलाच घेतलं.

"सर, जठर बांधायचं राहिलं," भुलीचे डॉक्टर म्हणाले.

"ऐंशीचा आहे हो तो. आता कुठे डोंगर चढायचेत त्याला? तुम्ही तुमची भूल सांभाळा."

मागे एका आजीबाईंचं जठरही यांनी असंच न बांधता सोडलं होतं. महिन्याच्या आत पुन्हा पीळ पडला आणि त्या याच टेबलावर गेल्या. साहेबांनी खापर फोडलं त्यांच्या वयावर. असल्या माणसाची किळस येते मला.

आतडी सारखी करायला साहेबांनी हात आत घातला... आणि थांबले.

"सिस्टर, हात काढा."

सिस्टरचे दोन्ही हात वर होते. रिकामे.

"मग माझं बोट कोणी..."

साहेबांनी हात ओढला. निघेना. पुन्हा ओढला.

"गार आहे," ते पुटपुटले. "म्हाताऱ्या बाईचा... हात आहे."

"सर, टाके घाला," भुलीचे डॉक्टर हळूच म्हणाले.

"घालतो... घालतो मी." कोणाला सांगत होते, देव जाणे.

हात सुटला. साहेबांनी मुकाट्याने जठर बांधलं. म्हातारबाबा वाचले. आजही पोटभर जेवतात आणि मुलावर खेकसतात.

शेवटी साहेबांनी हातमोजे उतरवले. अख्खे होते. टाचणीएवढं भोक नाही. आणि आत, उघड्या बोटाला, शिवायचा दोरा आवळलेला. पक्की गाठ. बोट काळंनिळं पडलं होतं.