मांजराचा पहिला घास

"माझी सून मला विष घालतेय," बूटवाला म्हणाला. "संध्याकाळच्या आत पुरावा द्या. कुलूप आणून ठेवलंय. मुलगा आणि ती, दोघांना घराबाहेर काढणार."

त्याने पिशवीतून खरंच कुलूप काढलं. ते हातातून सटकलं आणि भाऊजींच्या अंगठ्यावर पडलं.

भाऊजी बोंबलले. टोचणबाई मात्र बूटवाल्याच्या बोटांकडे पाहत राहिल्या. तीस वर्षं इस्पितळात सुया टोचल्या, आता लोकांना प्रश्न टोचतात, म्हणून हे नाव. भाऊजी म्हणजे त्यांच्या बहिणीचे नवरे, निवृत्त पोस्टमन. पत्ता चटकन सापडायचा, मुद्दा जरा उशिरा.

"दुसरी चप्पल कुठंय?" बाईंनी विचारलं.

बूटवाल्याने खाली पाहिलं. पायात एकच होती. "वाटेत गळाली असेल. कळतच नाही हो! आधी दोन्ही तळपायांना मुंग्या, मग आग, मग बधिर. तिथून वर चढलं. आता बोटंही."

"दोन्ही हातांची?"

"दोन्ही. चार महिने झाले. डॉक्टरने साखर तपासली, ठणठणीत. गोळ्या दिल्या, त्या फेकल्या. पाणी सुनेनं आणायचं आणि गोळी मी गिळायची? मध्ये पंधरा दिवस मुलीकडे राहिलो तर डोकं हलकं. घरी आलो की पुन्हा गरगर. आता बोला!"

"सूनच," भाऊजींनी निकाल दिला.

"भाऊजी, पाकीट न फोडता पत्र वाचू नका."

तिघं बूटवाल्याच्या घरी पोचले. ओसरीवर मुलगा मशीनवर चामडं शिवत होता. आतल्या खोलीत बूटवाल्याचं काम चालायचं. दाराला जाड पडदा. एकुलती एक खिडकी खिळ्यांनी ठोकलेली, फटींवर कागद चिकटवलेला. खाली तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा उघडा डबा.

"हे नवं आहे," बूटवाला अभिमानाने म्हणाला. "मिनिटात वाळतं."

डब्यावर ना नाव, ना गाव.

तेवढ्यात सून ताट घेऊन आली. बूटवाल्याने पहिला घास उंबऱ्याबाहेर टाकला. एक गलेलठ्ठ मांजर आलं, घास मटकावला, खोलीकडे तोंड करून दोनदा शिंकलं आणि मागच्या मागे पळालं.

"तरी मेलं नाही," बूटवाला कुजबुजला. "ही बाई फार हुशार आहे. हळूहळू मारतेय."

बाई भाऊजींना घेऊन सुनेमागे स्वयंपाकघरात गेल्या. भाऊजींनी खलबत्त्यात बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"हे काय गं?"

सुनेचा चेहरा पडला. "काही नाही. बाबांना सांगू नका."

भाऊजींनी बाईंना डोळा मारला. सापडली!

मुलाला विचारलं तर तो मशीन न थांबवता बोलला. "जेवण एकाच पातेल्यातलं. खोलीत मात्र मला बंदी. बुटांचे नमुने समोरच्या दुकानदाराला विकीन म्हणे."

"वडील गेले तर दुकान तुझंच."

मशीन थांबलं. "दुकान घेऊन काय करू? त्यांचा हात अजून माझ्या हातात उतरला नाही."

समोरचा दुकानदार तर आधीच पेटलेला होता. "मी चोर? खिडकीतून बघायचो आणि लक्षात ठेवायचो, बस्स! पाच महिने झाले, खिडकी ठोकलीय त्यानं. माझा धंदा बसला. त्याला मारून मी पाहू कुणाकडे?"

बाई परत येईपर्यंत भाऊजी खोलीत पहाऱ्याला बसले होते. पंधरा मिनिटांतच ते भिंत धरत बाहेर आले. "ताई, मलाही घातलं वाटतं. गरगरतंय. पण मी तर इथं पाणीसुद्धा प्यायलो नाही!"

बाई खुदकन हसल्या. "आज पहिल्यांदा वेळेवर टपाल आणलंत."

सगळ्यांना ओसरीवर बसवलं. समोरचाही न बोलावता आला. बूटवाल्याने मांडीवर कुलूप धरून ठेवलं होतं.

बाईंनी पिन काढली. "डोळे मिटा." तळपायाला टोचली, हूं नाही का चूं नाही. घोट्याला, तसंच. गुडघ्याखाली टोचल्यावर बूटवाला कळवळला.

"नस दाबली गेली तर बहुधा एकाच बाजूला, ठरावीक बोटांना मुंग्या येतात. तुमचं दोन्ही पायांना मोजे आणि दोन्ही हातांना हातमोजे घातल्यासारखं आहे. सर्वांत लांब नसांची टोकं आधी गेलीत. म्हणजे बिघाड सगळ्या शरीरात. साखर नाही. जीवनसत्त्व कमी असेल? त्याने मुंग्या येतील, पण मुलीकडे गेल्यावर डोकं हलकं होणार नाही. म्हणजे विषच."

"बघा!" बूटवाला उठू लागला.

"बसा. विष ताटात असतं, तर मांजर आणि मुलगा असे धडधाकट नसते. भाऊजींच्या पोटात काही गेलंच नाही, तरी ते गरगरले. मांजर घास खातं, पण उंबरा ओलांडत नाही. शिंकून पळतं. त्या खोलीत काय खातात? काहीच नाही. फक्त श्वास घेतात."

सगळ्यांच्या माना खोलीतल्या डब्याच्या दिशेनं वळल्या.

"झटपट वाळतं म्हणजे झटपट हवेत उडतं. तिथून नाकात, रक्तात, नसांत. पाच महिन्यांपूर्वी खिडकी ठोकली, चार महिन्यांपूर्वी पाय बधिर. खिळे कुणी ठोकले?"

बूटवाल्याने कुलूप मांडीवरून खाली ठेवलं.

"आणि ती भुकटी?" भाऊजींनी शेवटचं पान टाकलं.

सून पदराशी चाळा करत म्हणाली, "डॉक्टरांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बाबांनी फेकल्या, मी उचलल्या. कुटून त्यांच्या दुधात घालते. मांजराला पहिला घास देतात, दुधाचा घोट देत नाहीत."

समोरचा फिसकन हसला.

"नसा... परत येतील?" बूटवाल्याचा आवाज बारीक झाला.

"येतात, पण गोगलगायीच्या चालीनं. आधी आणखी बिघडल्यासारखंही वाटेल. वर्षभर धीर धरा. उद्या तो डबा डॉक्टरांना दाखवा."

बूटवाल्याने पकड घेतली आणि खिडकीशी गेला. पकड दोनदा पडली. तिसऱ्यांदा मुलाने मागून त्याच्या मुठीवर मूठ ठेवली. पहिला खिळा करकरत निघाला.

"जोर मनगटातून लाव, गाढवा," बाप म्हणाला. "शिवताना लावतोस ना, तसा."

खिडकी उघडली. समोरच्याने मान उंचावली.

"बघ मेल्या, बघ," बूटवाला म्हणाला.

कुलूप त्याने सुनेच्या हातात दिलं. "तो डबा पेटीत टाक आणि हे लाव. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

मग गार झालेलं ताट पुढ्यात ओढलं आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

उंबऱ्यावर मांजर आ वासून बसलं होतं. एवढा अन्याय त्याच्यावर चार महिन्यांत झाला नव्हता.