विलिमच्या तळघरातला कंदील

दामिर तळघराच्या पायऱ्यांखाली पालथा पडलेला दिसला, तेव्हा स्टिपानच्या तोंडात चेस्टनट होतं. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं. ते गिळावं की थुंकावं या विचारात तो तळघराच्या दाराशी आला होता, आणि दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावला होता.

खाली कंदील तेवत होता. त्याच्या पिवळ्या उजेडात एक बूट, एक हात आणि फरशीला टेकलेला गाल दिसत होता.

"दामिर," त्याने हाक मारली आणि एक पायरी उतरला.

मागून त्याची कॉलर कोणीतरी धरली आणि त्याला खसकन मागे ओढलं.

"वेडा आहेस का?" नेव्हेंका म्हणाली. त्याच्या बायकोचा आवाज एरवी कधी चढत नसे. "पंखा बंद आहे. विलिमने काय सांगितलं होतं?"

विलिमने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. दर ऑक्टोबरात झागोर्‍येच्या टेकड्यांवर फूड ब्लॉगर मंडळी आपापल्या जोडीदारासह नव्या द्राक्षरसाच्या सहलीला जमत. यंदा यजमान होते विलिम आणि त्याची बायको रुझित्सा. त्यांच्या मळ्यातल्या घराखाली सहा पिंपांत रस आंबत होता. आंबणाऱ्या रसाचा वायू दिसत नाही आणि तळाशी साचून राहतो. म्हणून वर पंखा, आणि दाराशी खिळ्याला काजळलेल्या काचेचा कंदील. आत मेणबत्ती.

"कंदिलाशिवाय खाली जायचं नाही. ज्योत मंदावली की मागे फिरायचं," विलिम म्हणाला होता. "आणि चारपर्यंत कोणीच जाऊ नका. तुमच्या व्हिडिओंत घरघर येते म्हणून पंखा बंद ठेवलाय."

"मला शिकवतोस?" दामिर हसला होता. तो वाइनवर लिहायचा. "मी पिंपांच्या मधेच रांगायला शिकलो."

आता तोच खाली पडला होता. बाकीचे पंधरा-सोळा जण वाजंत्र्यांसोबत टेकडीवरच्या चॅपेलकडे गेले होते. इथे मागे राहिले होते सहा जण, आणि त्यांतला एक खाली होता.

रुझित्साने धावत जाऊन पंखा लावला. विलिम स्वयंपाकघरातून मेणबत्ती पेटवून आला आणि उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर ज्योत चिमटीत धरून विझवावी तशी विझली. तो पांढराफटक होऊन वर आला. काही मिनिटं नुसतं उभं राहण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती मिनिटं स्टिपानला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. मग विलिमने कमरेला दोर बांधला, श्वास रोखला, खाली गेला आणि दामिरला ओढत वर घेऊन आला. दामिरचा श्वास चालू होता, पण अगदी जेमतेम.

ॲम्ब्युलन्समधली डॉक्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही."

गाडी वळणाआड गेली तशी नेव्हेंका म्हणाली, "पोलीस क्रापिनाहून येतायत. तोवर कोणी निघू नका."

"अपघात आहे गं हा," स्टिपान पुटपुटला. तो सूपवर लिहिणारा माणूस. गुन्हे हे बायकोचं खातं. वाराझदिनमध्ये तिचं छोटंसं तपासाचं ऑफिस होतं, आणि जेवायला तिला उकडलेलं अंडं पुरायचं.

"तुला खाली काय दिसलं?"

"सांगितलं की. दामिर. कंदील."

"पेटलेला?"

"म्हणजे काय, अंधारात मला दिसलं असतं का?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. का, ते मात्र त्याला कळलं नाही.

दामिरचं जाकीट खुर्चीवरच राहिलं होतं. आतल्या खिशात दोन छापील कागद निघाले. नेव्हेंकाने ते स्टिपानला दिले.

"तेलातल्या लसणाची कृती," तो म्हणाला. "दोन्ही एकच. 'पिल्लांनो, बरणी वर्षभर टिकते,' इथपर्यंत शब्दन्‌शब्द तोच. फक्त दुसऱ्या कागदात व्हिनेगर आहे, पहिल्यात नाही. छापताना ओळ गळली असेल."

"असेल," ती म्हणाली आणि कागद घडी करून ठेवून दिले.

विलिम ओट्यावर डोकं धरून बसला होता. "पंखा मी बंद केला. आत टर्की कापत होतो. एकटाच. लिहून घे."

"दामिरने तुझ्या वाइनला व्हिनेगरची धाकटी बहीण म्हटलं होतं ना?" नेव्हेंकाने विचारलं.

"म्हटलं होतं. म्हणून माणूस मारतात का?" तो कमरेचा दोर सोडू लागला. "खाली त्याचा पाय चटकन सापडला, कंदील जळत होता म्हणून. नाहीतर मीही तिथेच राहिलो असतो."

रुझित्सा मेजावर बरण्या मांडत होती, उगाचच. बरण्यांमध्ये बॅटरीच्या मेणबत्त्या लुकलुकत होत्या, अगदी खऱ्यासारख्या.

"फोटोसाठी आणल्या, वाऱ्यात खऱ्या टिकत नाहीत," ती म्हणाली. "याही नीट नाहीत मेल्या. दोनला पेटतात, आठला आपोआप विझतात. बटण नाही, रिमोट घरी राहिला. आणि सहा होत्या, आता पाचच दिसतायत. पडली असेल कुठेतरी."

"दामिर सकाळी काही बोलला?"

"चेस्टनट झाल्यावर काहीतरी वाचून दाखवणार होता. म्हणाला, एका माणसाला ते आवडणार नाही."

शेकोटीजवळ ल्युबा मावशी बसल्या होत्या. लोणची-मुरंब्यांवर लिहिणाऱ्या, चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या. अर्ध्या देशाच्या कपाटात त्यांच्या पद्धतीच्या बरण्या होत्या.

"मी इथून हललेच नाही, पिल्ला," त्या म्हणाल्या. "तासभर चेस्टनट परतत होते. पोरगा बिचारा. मगाशी हवा मोकळी झाल्यावर मी खाली जाऊन कंदील तेवढा वर आणून टांगला. तिथे कशाला राहायचा?"

नेव्हेंकाने खिळ्यावरचा कंदील उघडला. आत अर्धी जळलेली मेणाची मेणबत्ती होती. तिने तो परत बंद केला.

मावशींनी स्टिपानपुढे रश्श्याचा वाडगा धरला. "घे, पिल्ला. रंग उडालाय तुझा."

वाडग्यातून वाफ येत होती. त्याला भूक होती. पण एकाएकी त्याच्या मनात आलं, की यांच्यापैकी कोणीतरी. यजमान, यजमानीण, नाहीतर मावशी. कोणीतरी याच हातांनी आपल्याला वाढतंय. त्याने वाडगा खाली ठेवला.

"कधी बोलणार तू?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"अंधार पडू दे."

"का?"

"तू माझ्याजवळ बस. आणि काही खाऊ नकोस."

चॅपेलकडची मंडळी परतली होती आणि वाद्यं गुंडाळून अंगणात गप्प बसली होती. सूर्य टेकडीमागे गेला. पोलिसांची गाडी आली. दोघे पोलीस दाराशी उभे राहिले, तेव्हा नेव्हेंका उठली.

"विलिम, अंगणातला दिवा घालव. रुझित्सा, तुझ्या बरण्यांवर टेबलक्लॉथ टाक."

शेकोटीत नुसते निखारे उरले होते. काळोख झाला. स्टिपानने नकळत तिची बाही धरली.

"दामिर कंदिलाशिवाय खाली गेला नाही," ती म्हणाली. "पंखा बंद आहे हे त्याला माहीत होतं. कंदील खाली त्याच्याजवळ होता आणि जळत होता. माझ्या नवऱ्याने पाहिला, विलिमने पाहिला. पण त्याच वेळी विलिमची मेणबत्ती तिसऱ्याच पायरीवर विझली. जिथे ज्योत जगत नाही, तिथे ती जळत कशी होती?"

तिने खिळ्यावरचा कंदील काढून मेजावर ठेवला.

"कारण ती ज्योत नव्हती. कोणीतरी कंदिलातली मेणबत्ती काढून रुझित्साची बॅटरीवाली ठेवली आणि पेटलेला कंदील दामिरच्या हातात दिला. काच काजळलेली, उजेड हलता. तो ज्योतीवर नजर ठेवून उतरत गेला. ज्योत मंदावली नाही, म्हणून तो मागे फिरला नाही."

विलिमच्या घशातून चमत्कारिक आवाज आला.

"नंतर खरी मेणबत्ती परत ठेवायला हवी होती. कंदील वर आणायला एकच माणूस गेलं. ते माणूस म्हणतं, मी तासभर शेकोटीपासून हलले नाही. स्टिपान, चेस्टनट कसं होतं?"

"एका बाजूने जळलेलं," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूने कच्चं. कढई कोणी हलवलीच नव्हती."

"चाळीस वर्षांच्या अनुभवात असं होत नाही. शिवाय दामिरच्या खिशातल्या कृतीत वाचकांना 'पिल्लांनो' म्हटलंय. व्हिनेगरशिवाय तेलात ठेवलेल्या लसणात विष तयार होतं. कोणीतरी ती ओळ मागाहून गुपचूप घातली. का घातली, ते विचारायलाच नको."

"मनातले मांडे," ल्युबा मावशी शांतपणे म्हणाल्या. "ती बॅटरी कुठंय मग?"

"मला माहीत नव्हतं. शोधायला उठले असते, तर ती आगीत गेली असती. म्हणून मी शेकोटीजवळच बसून राहिले आणि वाट पाहिली. ती आठपर्यंत विझत नाही आणि तिला बटण नाही."

तिने बोट दाखवलं. मावशींच्या पायाशी त्यांची वेताची टोपली होती, वरून जाड फडक्याने घट्ट झाकलेली. पण वेताच्या विणीतून, खालच्या बाजूने, पिवळा उजेड लुकलुकत होता.

मावशींनी वाकून टोपलीकडे पाहिलं. पोलीस पुढे आले तरी त्या बसूनच राहिल्या.

"ओसियेक शहरातली एक बाई होती," त्या म्हणाल्या. "तिची आई गेली त्या लसणाने. तिने मला लिहिलं, 'मावशी, कृतीत काही राहिलंय का?' मी उत्तर दिलं नाही. व्हिनेगर मात्र घातलं." त्यांनी पदराशी चाळा करावा तसा ॲप्रन चुरगाळला. "दामिरला ते सापडलं. मी म्हटलं, विलिमला दिलेल्या त्या वेळच्या बरण्या खाली आहेत, पुरावा हवा असेल तर घेऊन ये. जाताना मला 'थँक यू' म्हणाला."

अंगणात कोणीतरी रडायला लागलं. स्टिपानला वाटलं रुझित्सा असेल. पण तो विलिम होता.

दामिर दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. उजवा हात अजून नीट उचलता येत नव्हता, पण बोलत होता. हॉस्पिटलमधून परतल्यावर स्टिपान स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला. अकरा वर्षांत त्याने चारशे बारा सूप लिहिली होती. रानातले मश्रूम, सुकवलेला राजमा, कोवळ्या नेटलचा खाजरा पाला. लोक ती वाचून रांधत होते, मुलांना भरवत होते, आणि आजवर एकदाही त्याला त्याची धास्ती वाटली नव्हती. आता पहिलंच पान उघडताना त्याचं बोट अडखळलं.

"राजमा किती वेळ उकळायचा लिहिलंय मी?" त्याने विचारलं. "लिहिलंय का मुळात? कच्चा राहिला तर बाधतो तो."

नेव्हेंकाने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.