खंडेनवमीला चालू केलेला सर्व्हर

मी सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी नऊ तिखटमीठ लावलेल्या असतात, हे आमच्या नाहूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

ही दहावी.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. विक्रोळीतला एक जुना इंडस्ट्रियल गाळा. आणि वेळ रात्रीची नाही...

टळटळीत दुपार.

माझी पुतणी ऋता आणि तिचा मित्र देवेश यांनी तो गाळा भाड्याने घेतला होता. आधी तिथे लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. ते बंद का पडलं, हे मालकाने सांगितलं नाही. भाडं कमी होतं, म्हणून यांनीही विचारलं नाही.

दोघं मिळून एक वेब ॲप बनवत होते. स्क्रीनवरचं बटण दाबलं की गाळ्याचं लोखंडी शटर मोटरवर उघडणार, नाहीतर बंद होणार. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. सगळं नुसतं स्क्रीनवर चालतं हे त्याला दिसावं, म्हणून देवेशने शटरची हातसाखळी आणि भिंतीवरचं बटण काढून ठेवलं होतं.

शहाणे लोक.

सकाळी पूजा मीच केली. लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची पद्धत. मी कारखान्यात होतो तेव्हा फोरमनसुद्धा त्या दिवशी मशीनच्या स्विचकडे बघायचा नाही.

देवेश जेवायला घरी गेला. ऋताने हार उचलून बाजूला ठेवला.

"अगो, आज नको."

"काका, सर्व्हरची एक सेटिंग बदलते फक्त. पाच मिनिटं."

"आणि तो सर्व्हर असतो कुठे?"

"याच लॅपटॉपमध्ये. लोकल सर्व्हर म्हणतात. ॲप तयार होईपर्यंत बाहेरच्या कोणालाच ते दिसत नाही. लॅपटॉप स्वतःलाच हाक मारतो आणि स्वतःच ओ देतो."

"माणूस असं करायला लागला तर आम्ही त्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडतो."

ती हसली. बटण दाबून बघितलं. शटर घरघरत खाली आलं.

धप्प.

"बघा. झकास चाललंय." मग तिने सर्व्हर थांबवला, सेटिंग बदलली आणि परत चालू करायला गेली.

चालू होईना.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, या पोर्टवर आधीच कोणीतरी आहे. पोर्ट म्हणजे दार समजा. एका दारात एकच प्रोग्रॅम बसतो. मागचा उठला नसेल."

तिने एकेक प्रोग्रॅम बंद केला. सगळं तपासलं. दारात कोणीच नव्हतं.

परत चालू केला.

कोणीतरी आहे.

"ठीक आहे बाबा, दुसरं दार घेते." तिने नंबर बदलला.

तिथेही... कोणीतरी आहे.

तिसऱ्या दारातही.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आणि तेवढ्यात ॲपचं पान आपोआप उघडलं. सर्व्हर बंद होता हो, तरी उघडलं. तिचेच रंग, तिचंच डिझाइन. फक्त दोन बटणांच्या जागी एकच होतं.

'बंद करा.'

'उघडा' हे बटण नव्हतंच.

"देवेशची मस्करी असणार," ती पुटपुटली.

आणि मागून आवाज आला...

लोखंडावर पातं टेकावं तसा. बारीक, लांबलचक. लेथचा आवाज मी झोपेतही ओळखतो.

मागे कोरी भिंत होती.

मी शटरला हात घातला. हलेना. फोनला रेंज नाही. दोन्ही हातांनी शटर बडवलं, पण पूजा आटोपून आजूबाजूचे सगळे गाळे कुलूप लावून गेले होते.

तेव्हा ऋता खोकली.

तिला लहानपणापासून दमा. एकदा उबळ आली की पंप लागतोच.

"पंप कुठाय?"

"स्कूटरच्या... डिकीत."

स्कूटर शटरच्या पलीकडे. हातभर अंतरावर.

दिवे गेले.

काळोखात फक्त तिचा श्वास. शिट्टीसारखा. आणि लेथ... आता जवळ.

माझं डोकं चालेना. हातांनी आपोआप केलं ते केलं. चाचपडत लॅपटॉप मिटला, हार त्यावर ठेवला, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा... आजचो दिवस तुझो. चेडवाच्या हातसून चूक झाली, ती पदरात घी. आनी आमका भायर काढ रे म्हाराजा..."

गाऱ्हाण्याला जमलेल्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. इथे आम्ही दोघंच. ऋताला तर शब्दही फुटत नव्हता.

तरी उत्तर आलं.

"व्हय म्हाराजा..."

पाचसात गळ्यांचं. माझ्या मानेमागून.

लेथ थांबला. शटर उठलं... गुडघ्याएवढंच. मी काळोखात सापडला तो हात धरला, ओढला, आधी तिला बाहेर ढकललं, मग मी सरपटत आलो. मागे शटर पडलं.

ऋताने डिकी उघडून पंप तोंडाला लावला. मी रस्त्यावरच बसलो.

आणि शटर आतून वाजलं.

"काका..."

खोकत, धापा टाकत.

"काका... मी आतच राहिले..."

आवाज ऋताचा.

मी वर बघितलं. ऋता स्कूटरपाशी उभी होती. पंप तोंडात. माझ्याकडे बघत.

"चला ना, काका," ती म्हणाली.

मी गेलो. काय करणार होतो?

संध्याकाळी देवेशने मोटरवाल्याला बोलावून शटर उघडलं. आत कोणी नव्हतं, असं तो सांगतो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, ॲप व्यवस्थित चाललं. आता तर धंदाही जोरात आहे.

ऋता मजेत आहे. जेवते, हसते, मला चिडवते. त्या दुपारनंतर तिला दम्याचा त्रास एकदाही झालेला नाही. डॉक्टर खूश. वहिनीने तर नवस फेडला.

मी मात्र एक पंप कायम खिशात ठेवतो. तिच्यासमोर बसलो की कान देऊन तिचा श्वास ऐकतो.

एकदा तरी खोक गो, बाय...